सिक्स्थ फॉर्म ते विद्यापीठ: इंग्लंडमधल्या मराठी घरांनी या चुका टाळाव्यात

महाराष्ट्रात आधी निकाल लागतो आणि मग प्रवेशाची धावपळ सुरू होते. इंग्लंडमध्ये क्रम उलटा आहे. सिक्स्थ फॉर्म म्हणजे शाळेची शेवटची दोन वर्षे, इयर १२ आणि इयर १३. त्यांच्या अखेरची ए लेव्हलची परीक्षा मे-जूनमध्ये होते, निकाल ऑगस्टच्या मध्यात लागतो, पण विद्यापीठाचा अर्ज त्याच्या कितीतरी महिने आधी, शिक्षकांनी वर्तवलेल्या म्हणजेच प्रेडिक्टेड ग्रेडच्या आधारावर यूकॅस या सामायिक प्रवेश-अर्ज संस्थेकडे गेलेला असतो. स्वतः बारावी महाराष्ट्रात करून इथे स्थायिक झालेल्या पालकांच्या बहुतेक चुकांचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

इयर १२ म्हणजे आपली अकरावी नव्हे

‘अकरावीत जरा विसावा, खरा अभ्यास बारावीत’ ही समजूत इयर १२ ला लावली की नुकसान होते. बहुतेक शाळांमध्ये प्रेडिक्टेड ग्रेड इयर १२ च्या अखेरच्या अंतर्गत परीक्षांवरून ठरतात, आणि ए-ए-ए मागणाऱ्या अभ्यासक्रमासाठी बी-बी-सी असा अंदाज गेला, तर तो अर्ज पुष्कळदा तिथेच बाद होतो. ग्रेड अपेक्षेपेक्षा कमी आल्या तर पालकांनी थेट हेड ऑफ सिक्स्थ फॉर्मकडे, म्हणजे या विभागाच्या प्रमुखांकडे, तक्रार घेऊन जाऊ नये. विद्यार्थ्याने स्वतः विषयशिक्षकांना भेटून कोणते घटक कच्चे राहिले आणि सप्टेंबरमध्ये नव्याने दिलेल्या चाचणीचा विचार होईल का, हे विचारावे. तरीही अंदाज बदलला नाही, तर यूकॅसच्या अर्जातल्या पाच पर्यायांपैकी दोन त्या ग्रेडच्या आवाक्यातले ठेवावेत. निकाल अपेक्षेहून चांगला लागला, तर एक वर्ष थांबून हातातल्या ग्रेडवर पुन्हा अर्ज करता येतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

विषयांच्या निवडीतही जुना हिशेब आड येतो. बहुतेक विद्यापीठांच्या ऑफर, म्हणजे ठरावीक ग्रेडच्या अटीवर देऊ केलेल्या जागा, तीन ए लेव्हलवर असतात, त्यामुळे चार विषय घेऊन चारही बी आणण्यापेक्षा तीन विषयांत ए आणणे केव्हाही चांगले. नामांकित विद्यापीठांत गणित किंवा अभियांत्रिकीसाठी घेतलेले फर्दर मॅथ्स, म्हणजे गणिताचा जादा, वरच्या पातळीचा विषय, हा याला खरा अपवाद आहे. उलट, अर्थशास्त्राची पदवी हवी असताना ए लेव्हलचे गणितच सोडून देण्याची चूक नंतर भरून काढणे अवघड जाते, कारण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा केंब्रिजसारख्या ठिकाणी गणिताशिवाय तो दरवाजा उघडतच नाही.

पर्सनल स्टेटमेंट: विशेषणे नकोत, तपशील हवा

पर्सनल स्टेटमेंट म्हणजे अर्जासोबत विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहायचा मजकूर. २०२६ च्या प्रवेशापासून त्यात एकसलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आले आहेत: हा अभ्यासक्रम का, शालेय शिक्षणाने त्यासाठी काय तयारी करून दिली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व ते का उपयोगी आहे. तिन्ही उत्तरांना मिळून रिकाम्या जागांसह ४,००० अक्षरे, आणि प्रत्येक उत्तराला किमान ३५० अक्षरे लागतात.

नेहमीची चूक तिसऱ्या उत्तरात दिसते. ड्यूक ऑफ एडिनबर्ग या तरुणांसाठीच्या उपक्रमाचा गोल्ड अवॉर्ड, भरतनाट्यमचे अरंगेत्रम, मंडळाच्या गणेशोत्सवातले स्वयंसेवक म्हणून काम, अशी यादी दिली जाते आणि तिचा निवडलेल्या विषयाशी संबंध काय, हे वाचणाऱ्यावर सोडले जाते. वैद्यकीय शाखेचे उदाहरण घेऊ. ‘लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड आहे’ हे वाक्य शेकडो अर्जांत असते. त्याऐवजी एखादी विद्यार्थिनी असे लिहू शकेल: केअर होममध्ये दर शनिवारी चहा देताना, स्मृतिभ्रंश झालेल्या एका आजींना नाव विचारले की त्या गप्प होत, पण हातातल्या विणकामाबद्दल विचारले की बोलू लागत, त्यावरून रुग्णाशी बोलणे सुरू कुठून करायचे, हे तिला समजले. ओळखीच्या डॉक्टर काकांच्या दवाखान्यात आठवडाभर नुसते बसून राहण्यापेक्षा असे साधे, नियमित काम अर्जात जास्त बोलते.

मोठ्या भावंडाचे किंवा मित्राचे स्टेटमेंट ‘जरा बदलून’ वापरण्याचा मोह अनेकांना होतो. यूकॅस प्रत्येक स्टेटमेंट साम्य शोधणाऱ्या प्रणालीतून तपासते आणि साम्य आढळल्यास विद्यापीठांनाही कळवते.

तारखा आणि भारताची तिकिटे

ऑक्सफर्ड, केंब्रिज, तसेच वैद्यकीय, दंत व पशुवैद्यकीय शाखांसाठी अर्जाची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर असते, इतर बहुतेक अभ्यासक्रमांसाठी ती जानेवारीत येते, आणि शाळेची अंतर्गत मुदत या दोन्हींच्या बरीच आधी असते. वैद्यकीय शाखेसाठी लागणारी यूकॅट ही परीक्षा उन्हाळ्यात सुरू होऊन सप्टेंबरमध्ये संपते आणि वर्षातून एकदाच देता येते. नेमकी तीच सुट्टी आजोळी जाण्याची असते. म्हणून इयर १२ नंतरच्या उन्हाळ्यात तिकिटे काढण्यापूर्वी यूकॅटची तारीख पक्की करावी. जानेवारीची मुदत हुकली तरी ३० जूनपर्यंत अर्ज करता येतो, मात्र त्याचा समान विचार होण्याची हमी राहत नाही. पाचही ठिकाणांहून नकार आला, तर फेब्रुवारीच्या अखेरीस उघडणाऱ्या यूकॅस एक्स्ट्रामधून एकेक नवा पर्याय जोडता येतो.

फीचा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला जातो

वर्क व्हिसावर आलेल्या कुटुंबांना सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. मूल दहा वर्षे इथल्या शाळेत शिकले म्हणजे ते आपोआप ‘होम’, म्हणजे स्थानिक दराने फी भरणारा, विद्यार्थी ठरते, असे नाही. सर्वसाधारण नियमानुसार अभ्यासक्रम शरद ऋतूत सुरू होत असेल, तर त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला विद्यार्थी सेटल्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेला किंवा ब्रिटिश नागरिक असावा लागतो, आणि त्याआधीची तीन वर्षे त्याचे नेहमीचे वास्तव्य ब्रिटनमध्येच असावे लागते. दीर्घ वास्तव्यावर आधारलेले वेगळे निकषही आहेत, उदाहरणार्थ १८ वर्षांखालील मुलाने इथे सात वर्षे काढलेली असणे, तेही तपासावेत. उलट बाजूने, जन्म लंडनचा आणि पासपोर्ट ब्रिटिश असूनही शालेय वर्षे पुण्यात किंवा दुबईत गेली असतील, तर केवळ पासपोर्टवर होम फी मिळत नाही. २०२५-२६ साठी इंग्लंडमधल्या होम विद्यार्थ्यांची कमाल फी ९,५३५ पौंड आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला अशी मर्यादाच नाही. कायम वास्तव्याचा अर्ज करण्याजोगा असेल, तर त्याचे वेळापत्रक मूल इयर १२ मध्ये असतानाच आखावे.

डिग्री अप्रेंटिसशिपबद्दल, म्हणजे कंपनीत नोकरी करता करता पदवी घेण्याच्या मार्गाबद्दल, मराठी घरांत उगाच नाक मुरडले जाते. इथे पगार मिळतो, विद्यापीठाची फी विद्यार्थ्याला भरावी लागत नाही आणि शेवटी पदवीच मिळते. चूक होते ती हिला सोपा मार्ग समजण्यात. अर्ज थेट कंपनीकडे करायचा असतो, भरती शरद ऋतूपासूनच सुरू होते, आणि चांगल्या जागांसाठीची चुरस नामांकित विद्यापीठांपेक्षा कमी नसते. ती यूकॅसच्या पाच पर्यायांत मोजली जात नसल्याने दोन्ही प्रयत्न एकाच वेळी करता येतात.

ऑफर आल्यानंतर

फर्म म्हणजे पहिली पसंती आणि इन्शुरन्स म्हणजे ती हुकली तर हाताशी असलेली जागा. फर्मला ए-ए-ए लागत असताना इन्शुरन्सलाही तेवढेच ठेवले, तर त्याचा आधार उरत नाही. इन्शुरन्सची अट एखाद-दोन ग्रेडने खालची असावी, आणि ते ठिकाण खरोखर जावेसे वाटणारे असावे. निकालाच्या दिवशी कुटुंब भारतात असेल, तर तिथे घड्याळ साडेचार तास पुढे असते. दोन्ही जागा हुकल्या, तर क्लिअरिंगसाठी, म्हणजे निकालानंतर रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी, फोन विद्यार्थ्याने स्वतः करायचा असतो. आईवडिलांशी बोलण्यास विद्यापीठ नकार देऊ शकते. म्हणून अर्ज भरतानाच त्यातल्या नॉमिनेटेड अ‍ॅक्सेसच्या, म्हणजे आपल्या वतीने बोलण्याची परवानगी देण्याच्या, रकान्यात एका पालकाचे नाव घालून ठेवावे.