रचना सोडवण्याआधी प्रथिनाची अवस्था ओळखा

जिवाणूंच्या अँटिऑक्सिडंट प्रथिनावर पीएचडी सुरू करणाऱ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: रचना आणि कार्य ही दोन वेगळी प्रकरणं समजू नका. साल्मोनेला या जिवाणूच्या एएचपीसी या प्रथिनावर काम करताना मला हे पुरतं पटलं.

एएचपीसी हे पेरॉक्सिरिडॉक्सिन, म्हणजे पेरॉक्साइड नष्ट करणारं प्रथिन. ई. कोलायमध्ये चयापचयातून सतत तयार होणारं थोडंथोडं हायड्रोजन पेरॉक्साइड मुख्यतः तेच संपवतं. पेरॉक्साइड फार वाढलं की कॅटलेज या दुसऱ्या विकराची पाळी येते. एएचपीसीच्या साखळीत 46व्या जागेवरच्या सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाची पेरॉक्साइडशी अभिक्रिया होते, मग शेजारच्या साखळीतलं 165वं सिस्टीन त्याच्याशी डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधला बंध) जोडतं. (जनुकावरून मोजलं तर हे आकडे 47 आणि 166, कारण पहिलं मेथिओनाइन गळून जातं. म्युटंट (मुद्दाम बदललेलं प्रथिन) बनवायला लागणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, मागवण्यापूर्वी हे तपासाच.) पुढे एएचपीएफ हे प्रथिन एनएडीएच या पेशीतल्या रेणूचे इलेक्ट्रॉन वापरून तो बंध सोडवतं. विलक्षण भाग असा, की क्षपित अवस्थेत, म्हणजे हा बंध नसताना, पाच जोड्या मिळून दहा साखळ्यांचं कडं बनतं आणि बंध जुळला की ते सैल होऊन जोड्या सुट्या होऊ लागतात.

म्हणून शुद्धीकरणानंतर लगेच प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारे दोन जेल चालवा, एक डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) घालून, एक न घालता. पहिल्यात पट्टा 21 किलोडाल्टनच्या आसपास दिसेल. दुसऱ्यात त्याच्या दुप्पट वजनाचा पट्टा असेल, तर प्रथिन ऑक्सिडीकृत, म्हणजे बंध जुळलेलं, आहे. जेल फिल्ट्रेशनचा (प्रथिनं आकारानुसार वेगळी करण्याच्या पद्धतीचा) आलेखही यानंतरच नीट वाचता येतो. डीटीटी मात्र शुद्धीकरणाच्या निकेल कॉलमवर जाऊ देऊ नका, निकेल तपकिरी पडतं.

क्रियाशीलता मोजायला 340 नॅनोमीटरवर एनएडीएच घटताना पाहणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. सोबत 46व्या जागी सेरीन घातलेला म्युटंट आणि एएचपीएफशिवायचं कंट्रोल हवंच.

रचना सोडवण्यासाठी प्रथिनाचे स्फटिक मिळाल्यावर घाई नको. सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाचे तीव्र क्ष-किरण डायसल्फाइड बंध तोडू शकतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात बंध दिसला नाही एवढ्यावरून प्रथिन क्षपित होतं असं ठरवू नका. क्ष-किरणांच्या कमी मात्रेचा डेटा आधी घ्या आणि त्याच बॅचच्या प्रथिनाचा डीटीटीविना जेल शेजारी ठेवा. अल्फाफोल्ड या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या संगणक-प्रणालीचं मॉडेल मॉलेक्युलर रिप्लेसमेंटला (तयार मॉडेलच्या आधारे रचना सोडवण्याला) खूप उपयोगी पडतं, पण तुमच्या नळीतलं प्रथिन कोणत्या अवस्थेत आहे हे ते सांगत नाही.