काळा-नारिंगी माशीमार बघायचाय? आधी मुकुंदराजाच्या दरीत बसायला शिका

अंबाजोगाईत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. काउंटरमागं भिंतीवर एका पाखराचा फोटो लावलाय. जळालेली पाणबुडी मोटार घेऊन आलेला माणूस त्याच्याकडं बघतो आणि विचारतोच, "हे कुठलं? आपल्याकडं दिसतंय का?" आपल्याकडं नाही. पण जाऊन बघता येतं. कसं, ते एकदाच नीट लिहून ठेवतो.

हा काळा-नारिंगी माशीमार. चिमणीपेक्षा लहान. नराचं डोकं आणि पंख काळे कुळकुळीत, बाकी सगळा पिकल्या संत्र्याच्या रंगाचा, शेपटीसकट. मादीही नारिंगीच, फक्त काळ्याच्या जागी मळकट तपकिरी आणि डोळ्याभोवती फिकट कडं. जगात तो फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत आहे: निलगिरी, पळनी, अन्नमलई आणि आसपास. तिथंही बहुतेक दीड हजार मीटरच्या वर. महाबळेश्वरात शोधून उपयोग नाही.

शास्त्रात त्याची नोंद १८३९ मध्ये थॉमस जेर्डननं केली. मद्रासच्या लष्करातला हा डॉक्टर आपल्या जालन्याच्या भागातही पाखरं बघत हिंडलेला. त्याच्या लिखाणात जालन्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. तेव्हा मराठवाड्यातून निलगिरीला पाखरासाठी जायचं यात येडेपणा काही नाही, ही वाट जुनी आहे.

आता कामाचं. हा माशीमार उंच शेंड्यावर बसून मिरवत नाही. शोला म्हणतात त्या खुज्या, शेवाळलेल्या, ढगात बुडालेल्या रानात, अगदी जमिनीलगतच्या झुडपात तो राहतो. गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीच्या काडीवर बसायचं, खाली पालापाचोळ्यात किडा हलला की उतरायचं, उचलायचं, परत काडीवर. नर-मादी आपला तुकडा सोडून फारसे लांब जात नाहीत. त्यामुळं हिंडून तो सापडत नाही, तुम्ही बसलात तर दिसतो. आपण मराठवाड्यातली माणसं मोकळ्या रानात वाढलेली. माळावरचा चंडोल, तारेवरचा कोतवाल लांबून ओळखतो. सावलीत एका जागी बसून बघायची सवय आपल्याला नसते. ती सवय घरूनच करून जायची.

जागा लांब शोधायला नको. आमच्याकडं मुकुंदराजाची दरी आहे. कन्नडवाल्यांना गौताळा, धाराशिववाल्यांना येडशीचा रामलिंग घाट. काहीच नसेल तर जुनी आमराई चालते, अट एवढीच की खाली पाला पडलेला असावा आणि तो कुणी झाडून पेटवलेला नसावा. दिवाळीनंतर जा, कारण तेव्हा लाल छातीचा माशीमार हिवाळ्यासाठी आलेला असतो. तो आपल्या पाखराचा लांबचा भाऊबंद. नराच्या फक्त गळ्या-छातीला नारिंगी, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडं पांढरं, आणि सारखी शेपटी वर उडवत 'टर्रर्र' करतो. ओढ्याकाठच्या गच्च सावलीत टिकेलचा निळा माशीमारही भेटेल, त्याची छाती नारिंगी पण पाठ निळी.

झाडाला पाठ टेकून बसा. मोबाइल खिशात. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच दिसणार नाही, सातभाई शिव्या देऊन जातील. मग नाचण येते, शेपटीचा पंखा उघडून. नंतर दयाळ, नंतर शिंपी. दुर्बिणीतून बघत बसू नका. उघड्या डोळ्यांनी हालचाल पकडायची, नजर तिथंच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. खाली बघून दुर्बीण लावणाऱ्याला पाखरू परत सापडत नाही. हे एवढं अंगवळणी पडलं की निम्मं काम झालं.

दुसरं निम्मं कानाचं. काळा-नारिंगी माशीमार दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि तो आवाज पाखराचा वाटतच नाही: बारीक, धातूसारखा 'चिक्-रि-रि', किडा ओरडावा तसा. माझ्या धंद्यातल्या माणसाला सांगायचं तर वंगण संपलेलं छोटं बेअरिंग. आमच्या दुकानात मोटार न उघडता बेअरिंग ओळखावं लागतं, तोच कान इथं लागतो. घरी रेकॉर्डिंग भरपूर ऐका. ई-बर्ड, झेनो-कांटो या पाखरांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. एक मात्र आहे, पन्नाशीनंतर अगदी बारीक आवाज कानातून निसटायला लागतात. मी लेकीला सोबत नेतो. ती बोट करते, मी दुर्बीण लावतो.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट दाखवणारी, पुढच्या काचा ४२ मिलिमीटरच्या. दुकानदार १०×४२ गळ्यात मारायला बघेल, 'जास्त जवळ दिसतं' म्हणून. शोलामध्ये दुपारीही अंधारून येतं. ८×४२ मधून डोळ्यात येणारा उजेडाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा, १०×४२ मधून ४.२. शिवाय दहापट दुर्बिणीत हाताची थरथरही दहापट. पाखरू बऱ्याचदा चार-पाच पावलांवर येतं, म्हणून दोन मीटरवरचं स्पष्ट दिसतंय का ते दुकानातच स्वतःच्या बुटाकडं बघून तपासा.

जायचं कधी? जून ते ऑगस्ट मुसळधार, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडचा परतीचा पाऊस. डिसेंबरअखेर ते मार्चची सुरुवात बरी. जानेवारीत उटीला पहाटे गवतावर बर्फासारखं दव गोठतं, आपलं बीड-लातूरचं स्वेटर तिथं काही कामाचं नाही. कानटोपी, हातमोजे घ्या. कपड्यांना भडक रंग नको. मार्च ते मे विणीचा काळ. झुडपात किंवा नेच्यात, जमिनीपासून हात-दोन हातांवर, सुक्या पानांचा गोळा आणि बाजूला भोक दिसलं तर ते घरटं. मागं फिरायचं, फोटो नाही.

परळीहून नांदेड–बेंगळुरू गाडी पकडायची, पुढं म्हैसूरमार्गे उटीची बस. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतो, थोड्याच बसेस सोडतात, म्हणून दिवसाची बस धरा. लातूर-धाराशिवकडच्यांना सोलापूरहून थेट कोइंबतूरची गाडी आहे, तिथून मेट्टुपाळयममार्गे वर. स्वतःची गाडी नेणार असाल तर २०२४ पासून उटी आणि कोडाईकनाल दोन्हीकडं ई-पास लागतो, निघायच्या आधीच काढा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या निलगिरीत चालत नाहीत, स्टीलची घ्या. आणि दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. पहाटे साडेपाचला तिथं कुणी इडली मांडून बसलेलं नसतं.

उटीत केर्न हिल, डोड्डबेट्टाच्या रस्त्याकडचा शोला. कोडाईकनालला बॉम्बे शोला. डोड्डबेट्टाच्या २,६३७ मीटर माथ्यावर गर्दी आणि कणसंवाले, तिकडं वेळ घालवू नका; पाखरू खालच्या वळणांवर आहे. इंग्रजांच्या काळापासून लावलेले युकॅलिप्टस आणि वॅटल जिथं खालून साफ आहेत तेही सोडा. जाड ओला पाला, वर गच्च छप्पर, शेजारी पाण्याची चर, अशी जागा निवडा. राखीव जंगलात परवानगीशिवाय पाय टाकायचा नाही. मुकुर्थी राष्ट्रीय उद्यानासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. रानगवे गावाच्या कडेपर्यंत येतात, म्हणून बसताना पाठ झाडाला आणि तोंड वाटेकडं. ओल असेल तर जळवा. मोज्यांवर तंबाखूचं पाणी शिंपडा, या कामी तंबाखू आणणारा माणूस आपल्याकडच्या कुठल्याही टोळीत असतोच.

बसलात की एक गोष्ट बघा. पाऊस नसतानाही झाडांवरून टपटप चालू असते. ढग पानाला, शेवाळाला अडकतो आणि थेंब होऊन खाली येतो, पाचोळा तो धरून ठेवतो, उन्हाळ्यातही ओढा वाहतो. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या माणसाला ही टपटप ऐकत बसवत नाही, आणि उठवतही नाही. त्याच ओल्या पाचोळ्यात किडे, आणि किड्यांवर आपला माशीमार.

वर निळसर दिसला तर तो निलगिरी माशीमार, हा जरा उंचावर बसतो. हिवाळ्यात काश्मीर माशीमारही इथं उतरतो. त्याची छाती विटकरी पण पाठ राखी-तपकिरी. पाठसुद्धा नारिंगी असेल तरच आपला.

वाटाड्या घेतलात तर पैसे ठरवतानाच सांगा: मोबाइलवर आवाज वाजवायचा नाही. हद्द राखणारं पाखरू आहे, खोट्या आवाजावर ते खाणं सोडून भांडायला येतं. तुम्हाला फोटो मिळतो, मागून येणाऱ्या दहा टोळ्याही तेच करतात. काही वाटाडे तोंड वाकडं करतात. अशा वेळी दुसरा बघावा, उटीत तोटा नाही. दिसल्यावर वेळ, जमिनीपासूनची उंची, नर की मादी, काय खाल्लं ते वहीत लिहा आणि संध्याकाळी ई-बर्डवर टाका. विणीच्या काळात घरट्याची नेमकी जागा मात्र टाकू नका.