मगधाचा नकाशा गंगेवरून कसा काढावा

मगधाचे हातांनी काढलेले नकाशे बहुतेक एकाच साच्यातले असतात. आजचा बिहार छापायचा, पाटण्यावर ठळक ठिपका द्यायचा आणि भोवती रंग भरायचा. यातून काही कळत नाही. राजधानी राजगृहाच्या डोंगरातून उठून पूर येणाऱ्या नदीच्या काठावर का आली, हे त्या ठिपक्यातून कसे दिसणार? क्रम उलटा ठेवा. पाणी आधी, शहरे नंतर आणि सीमा अगदी शेवटी.

१. चौकट
ए-३ कागद आडवा घ्या. प्रमाण १ सेंमी = १५ किमी. रेखांश ८२.५ ते ८८ पूर्व, अक्षांश २४ ते २७.५ उत्तर. जाळी चौरस आखू नका. या भागात एक अंश अक्षांश ७.४ सेंमी येतो, पण एक अंश रेखांश जेमतेम ६.७ सेंमी. चौरस आखलीत तर पूर्व-पश्चिम अंतरे दहा टक्क्यांनी फुगतात आणि चंपा नगरी (आजच्या भागलपूरजवळ) राजमहालच्या डोंगरांकडे सरकते. सोबत तीन ट्रेसिंग पेपर ठेवा.

२. गंगा आणि उत्तरेच्या नद्या
वाराणसीला गंगा उत्तरवाहिनी आहे, तो बाक दाखवा. पुढे ती पूर्वेला वळते. डाव्या हाताने छपऱ्याजवळ घाघरा, हाजीपूर-सोनपूरपाशी गंडक, कुरसेल्याला कोसी येऊन मिळते. राजमहालचे डोंगर आडवे आले की गंगा आग्नेयेला वळते. धरणे, बंधारे, पूल काढू नका.

३. डोंगर
राजगीर, खडगपूर, राजमहाल. पेन्सिलीची हलकी छटा पुरे.

४. शोण (इथेच नकाशे बिघडतात)
आज शोण (सोन) पाटण्याच्या पश्चिमेला, मनेरच्या बाजूला गंगेला मिळतो. (संस्कृतात तो नदी नाही, नद आहे, म्हणून ‘मिळतो’.) आजचा शोण जसाच्या तसा उतरवला की पाटलिपुत्र (आजचे पाटणा) संगमापासून पंचवीस-तीस किलोमीटर दूर पडते आणि मौर्य दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस खोटा ठरतो. त्याने हे शहर गंगा आणि ‘एरन्नोबोआस’ यांच्या संगमावर असल्याचे सांगितले आहे. एरन्नोबोआस म्हणजे हिरण्यवाह, शोणाचेच दुसरे नाव. अठराव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांची या संगमावरून बरीच दिशाभूल झाली. कुणी हे शहर प्रयागला नेऊन बसवले. १७९३ मध्ये विल्यम जोन्सने शोणाचे जुने नाव ओळखले आणि तो घोळ मिटला.

व्याकरणकार पतंजली आणखी नेमके सांगतो. महाभाष्यात लांबी दाखवणाऱ्या समासाची उदाहरणे देताना तो ‘अनुगङ्गं वाराणसी’ म्हणतो, पण पाटलिपुत्राच्या बाबतीत ‘अनुशोणं पाटलिपुत्रम्’. म्हणजे त्याच्या काळात, इ.स.पू. दुसऱ्या शतकात, शहराची लांबी शोणाच्या काठाने मोजत असत. नद त्यानंतर पश्चिमेकडे सरकत गेला.

म्हणून दोन शोण काढा. आजचा फिकट सलग रेघेने. जुना तुटक रेघेने, नैर्ऋत्येकडून येऊन शहराच्या दक्षिण अंगाने जाणारा आणि शहरापाशीच गंगेला मिळणारा. तुटक रेघ एकेरी नको. दोन-तीन फाटे दाखवा, कारण असा वाळूने भरलेला नद एका पात्रात नांदत नाही. ठाम एकच रेघ मारलीत तर नकाशा दिसायला सुबक होईल, पण खोटा होईल.

५. शहर: ठिपका नको, रेघ काढा
मेगॅस्थेनिसच्या हिशोबाने शहर ८० स्टेडिया (ग्रीक अंतरमाप) लांब आणि १५ स्टेडिया रुंद होते. म्हणजे साधारण साडेचौदा किमी बाय पावणेतीन किमी. आपल्या प्रमाणात ही एक सेंमी लांब, दोन मिमी जाड आडवी पट्टी झाली. इतका लांबट आकार हौसेने आलेला नाही. गंगेने पुरातला गाळ टाकून काठाशी उंच पूरतट तयार केला आहे. त्याच्या मागची जमीन सखल. पूर्वेला मोकाम्याचा ताल अजूनही पावसाळ्यात पाण्याखाली जातो. कोरडी जागा उंचवट्यापुरतीच, म्हणून वस्ती काठाने लांबत गेली. आजचे पाटणाही तसेच पसरले आहे.

शहराभोवती ६ प्लेथ्रा, म्हणजे सुमारे १८० मीटर रुंद खंदक होता, असेही वर्णन आहे. एवढा खंदक निव्वळ कुदळीने खणण्यापेक्षा शोणाचा एखादा फाटा वापरला असावा, हे जास्त पटते. पट्टीवर कुम्हरार (८० खांबांचा मंडप) आणि बुलंदीबाग (लाकडी तटबंदी) यांच्या खुणा करा.

६. तीन ट्रेसिंग
पहिले मगधाचा राजा बिंबिसार याच्या काळाचे. राजधानी राजगृह (राजगीर), पाटण्यापासून सरळ रेषेत सुमारे ४.७ सेंमी आग्नेयेला. उत्तरेला गंगा, पश्चिमेला शोण, पूर्वेला चंपा नदी. पुढे बिंबिसाराने पूर्वेचे अंग राज्य जिंकले आणि चंपा हे नदीबंदर हाती आले, तेव्हा पूर्वेची रेघ खोडून पुढे न्या. उत्तरेची गंगा मात्र अजून सीमाच आहे.

दुसरे त्याचा मुलगा अजातशत्रू याचे. गंगेपलीकडे तीन सेंमीवर वज्जी गणसंघाची वैशाली. तिला रोखायला सुनीध आणि वस्सकार या अमात्यांनी पाटलिग्रामी कोट उभारला. म्हणजे पाटलिपुत्राची सुरुवात सीमेवरची चौकी म्हणून झाली. वज्जी हरले, सीमा उत्तरेला सरकली आणि चौकी राज्याच्या मध्यावर आली. अजातशत्रूनंतरचा राजा उदायी याने राजधानी तिथे आणली. या कागदावर गंगा सीमेच्या रंगात ठेवाल तर सगळी मेहनत वाया. तिचा रंग बदला, ती आता रस्ता आहे.

तिसरे अशोकाचे. चुनारची खाण गंगेकाठी, डाव्या कडेजवळ दाखवा. त्या दगडाचे १२ ते १५ मीटर उंचीचे स्तंभ कोल्हुआ, लौरिया अरेराज, लौरिया नंदनगढ आणि रामपुरवा इथे लावा. ही रांग गंडकच्या दिशेने उत्तरेला चढत जाते. असे धूड बैलगाडीपेक्षा पाण्यावरून नेणे सोपे.

पण सगळे साम्राज्य नदीत कोंबू नका. पूर्वाचार्य जलमार्ग स्वस्त म्हणून बरा मानत. कौटिल्याचे अर्थशास्त्र त्यांना खोडून काढते: जलमार्ग अडतो आणि बारमाही नसतो, त्यापेक्षा खुष्कीचा मार्ग बरा. त्याच ठिकाणी हिमालयाकडच्या वाटेपेक्षा दक्षिणापथाला (दक्षिणेकडच्या वाटेला) झुकते माप दिले आहे. म्हणून कडांवर बाण काढा: तक्षशिला, ताम्रलिप्ती, उज्जयिनी. उज्जयिनीच्या बाणाला ‘पुढे सोपारा’ जोडा. नालासोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत आणि तिथवर गंगेचे पाणी पोहोचत नाही.

शाई सगळ्यात शेवटी. जुन्या शोणाची तुटक रेघ मात्र पेन्सिलीतच राहू द्या.