वेबसाइट आहे, पण फोन वाजत नाही? मग या क्रमाने कामाला लागा

‘वेबसाइटवर लोक येतात, पण विचारणा काही होत नाही’ असं म्हटलं की बहुतेक सल्लागार जाहिरातींवरचा खर्च वाढवायला सांगतात. माझं मत उलटं आहे. आलेला माणूस परत का जातो, ते आधी शोधा. ते न शोधता आणखी लोक आणले, तर परत जाणारेच वाढतील आणि त्यांना आणण्याचे पैसे तुमच्याच खिशातून जातील.

१. दहा सेकंदांची परीक्षा घ्या

तुमच्या धंद्याबद्दल काहीच माहीत नसलेला कुणीतरी गाठा. घरातलं माणूस चालणार नाही, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. वेबसाइटचं पहिलं पान उघडून फोन त्याच्या हातात द्या, दहा सेकंदांनी परत घ्या आणि विचारा: इथे काय मिळतं? कुणासाठी आहे? हवं असेल तर पुढे काय करायचं? तो अडखळला तरी समजावायला जाऊ नका. गप्प बसा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. (हे फार अवघड जातं. तोंड आपोआप उघडतं.)

अशी पाच माणसं पुरतात. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० सालीच हे मांडलं होतं: एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या छोट्या चाचण्या घ्या, मधे दुरुस्त्या करा, पुन्हा चाचणी घ्या.

२. पहिल्या पानावरचं स्वागत पुसा

‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत’ आणि मागे सुटाबुटात हात मिळवणाऱ्या अनोळखी लोकांचा विकतचा फोटो. त्याखाली ‘गुणवत्ता, विश्वास, समाधान’. हे कुठल्याही धंद्याला चिकटवता येतं, म्हणून कुणाच्याच कामाचं नाही. लॅपटॉप दुरुस्त करणारा असाल तर सरळ लिहा: ‘बंद पडलेला लॅपटॉप घरी येऊन दुरुस्त करतो. बिघाड सापडला नाही, तर पैसे घेत नाही.’ दुसरं वाक्य खरं असेल तरच, अर्थात.

मग बटण. फोन करा, मेसेज पाठवा, फॉर्म भरा, माहितीपत्रक घ्या, आमच्याशी जोडले जा, अशी पाच आमंत्रणं एकदम दिली की माणूस एकही घेत नाही. तुम्हाला सगळ्यात जास्त कामं कशातून मिळतात ते एक निवडा आणि तेच ठळक ठेवा. फोन नंबर चित्रात लिहिलेला नको. त्यावर बोट ठेवताच कॉल लागला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपची लिंक देत असाल तर त्यात देशाच्या कोडसह नंबर लागतो, पण अधिकचं चिन्ह, सुरुवातीची शून्यं किंवा मधल्या रेघा चालत नाहीत. नाव, नंबर आणि काम काय आहे, एवढं विचारणारा फॉर्म पुरतो.

हा फॉर्म आज स्वतः भरून बघा. फॉर्म छान चालतोय आणि त्याचे मेल मात्र कधीच नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जातायत, किंवा स्पॅममध्ये साचतायत, हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

३. प्रत्येक कामाला स्वतंत्र पान द्या

सगळा वेळ एकाच ठिकाणी घालवायचा असेल, तर इथे घाला.

‘आमच्या सेवा’ नावाच्या एका पानावर बारा कामांची यादी असते आणि प्रत्येकाखाली दीड ओळ. शोधणाऱ्याला मात्र त्यातलं एकच काम हवं असतं, आणि तो ते तुमच्या भाषेत शोधतही नाही. तुम्ही लिहिता ‘डेटा रिकव्हरी’. तो विचारतो, ‘डिलीट झालेले फोटो परत मिळतील का?’ हे शब्द शोधायला कुठलं महागडं साधन लागत नाही. गेल्या पंधरा-वीस गिऱ्हाइकांचे मेसेज वाचा, फोनवर पहिला प्रश्न काय आला ते आठवा. तेच प्रश्न मथळे करा आणि खाली उत्तरं द्या: किती वेळ लागेल, येताना काय आणायचं, कोणत्या परिस्थितीत काम होणार नाही.

आणि खर्च. ‘भाव लिहिला तर स्पर्धकाला कळेल’ हे मला कधी पटलं नाही. स्पर्धकाला तो एका फोनवर कळतो. नेमका आकडा देता येत नसेल, तर किमान-कमाल सांगा आणि तो कशामुळे कमी-जास्त होतो ते लिहा.

ब्राउझरच्या टॅबवर आणि शोध निकालात दिसणारं शीर्षकही तपासा. तिथे अनेकदा नुसतं ‘होम’ असतं! काम आणि तुम्ही ज्या भागात ते करता त्याचं नाव, दोन्ही तिथे हवं. ‘कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) भरून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर हात जोडा. क्रमवारीसाठी तो टॅग आपण वापरत नाही, हे गुगलने २००९ सालीच जाहीर केलंय.

४. गुगलवरची नोंद नीट करा

गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशात दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद (२०२१ पर्यंतचं नाव ‘गुगल माय बिझनेस’), मोफत आहे. नकाशातल्या निकालांत कोण वर येईल, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: शोधाशी मेळ, अंतर आणि तुमची प्रसिद्धी. अंतर हातात नाही. धंद्याचा योग्य प्रकार, सुट्टीच्या दिवसांसह खऱ्या वेळा, स्वतः काढलेले फोटो, हे मात्र हातात आहे.

अभिप्राय मागायचा तर काम संपताच, लिंक पाठवून. त्याबदल्यात सूट देऊ नका, गुगलच्या नियमांत ते बसत नाही. वाईट अभिप्रायाला दोन ओळींत शांत उत्तर द्या. ते पुढचं गिऱ्हाईक वाचणार असतं.

५. वेग

पान किती वेगाने उघडतं ते मोजणाऱ्या गुगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’मध्ये तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. दिसत नसेल तर पहिला संशय कॅमेऱ्यातून थेट चढवलेल्या फोटोंवर घ्या. वेबसाइटचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने (https, म्हणजे सुरक्षित जोडणी) सुरू होत नसेल तर ते आजच करून घ्या, २०१८ पासून क्रोम ब्राउझर तसं नसलेल्या साइटला उघडपणे असुरक्षित म्हणतं.

६. मोजा, पण घाई नको

गुगल सर्च कन्सोल जोडा. तेही फुकट आहे. लोक काय शोधताना तुम्ही त्यांना दिसलात, याची यादी त्यात मिळते. ज्या शोधात तुम्ही पुष्कळदा दिसता पण क्लिक कमी, तिथे शीर्षक आणि वर्णन बदला. जिथे शोध निकालात आठव्या ते पंधराव्या क्रमांकाच्या आसपास आहात, त्या पानावर गिऱ्हाइकांचे राहिलेले प्रश्न घ्या.

सोबत एक साधी वही ठेवा. प्रत्येक नव्या माणसाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ एवढं विचारा आणि टिपा. एका वेळी एकच बदल करा. महिन्याला शंभर लोक येत असतील आणि दोनाचे तीन फोन झाले, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो, लगेच पेढे वाटू नका.

दोन-तीन महिन्यांत फोन नियमित येऊ लागले, की मग जाहिरात. तिची लिंक पहिल्या पानाला न देता त्या-त्या कामाच्या पानाला द्या, आणि फोन उचलायला कुणी नसतं त्या वेळात जाहिरात बंद राहील असं वेळापत्रक लावा.