छावणीत मुलाचा दंडघेर कसा मोजावा आणि मग काय करावं

सुदानमध्ये 15 एप्रिल 2023 रोजी लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. ऑगस्ट 2024 मध्ये उत्तर दारफूरची राजधानी अल फाशेर हिच्याजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत अन्नदुष्काळ पडल्याचं जाहीर झालं. वेढ्यात सापडलेल्या अल फाशेरमध्ये पुढे लोक अंबाज, म्हणजे शेंगदाण्याची पेंड, खाऊन राहू लागले. तिथून चालत तवीला गावाला पोचणाऱ्यांमध्ये लहान मुलं बरीच असतात. उंचीची फळी आणि वजनकाटा प्रत्येक ठिकाणी नेता येत नाही, पण दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची फीत खिशात मावते. आपल्या अंगणवाड्यांमध्ये सॅम (तीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) मुलं ठरवायला वापरतात तीच ही फीत.

वय

फीत लागू पडते ती 6 ते 59 महिन्यांच्या मुलांना. जन्मदाखला बहुधा मागेच राहिलेला असतो, म्हणून आईला महिना विचारू नका, प्रसंग विचारा. युद्ध रमजानच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालं. तेव्हा हे मूल पोटात होतं, रांगत होतं की चालत होतं? तरीही उलगडा झाला नाही, तर 65 सेंटिमीटरची खूण केलेली काठी वापरा. त्याहून बुटकं मूल सहा महिन्यांच्या आतलं धरून त्याचं स्तनपान वेगळं तपासा.

मोजणी

डावा हात घ्या. बाही वर सरकवू नका, पूर्ण काढा. हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. मग हात सैल सोडायला लावून त्या खुणेवर फीत गुंडाळा. कातडीला सगळीकडून टेकली पाहिजे, पण वळी पडता कामा नये. मिलिमीटरपर्यंत वाचा.

115 मिमीच्या खाली लाल, म्हणजे सॅम; 115 पासून 125 च्या आत पिवळा, म्हणजे मॅम; 125 आणि पुढे हिरवा.

चुका होतात त्या इथेच. फीत आवळली की पिवळं मूल लाल दिसतं, सैल राहिली की लाल मूल सुटतं. गर्दीत खूण न करता अंदाजाने मध्य धरला जातो. 114 आणि 116 मध्ये फरक दोन मिलिमीटरचाच, पण उपचार त्यावर ठरतो. आकडा सीमेवर असेल तर पुन्हा मोजा.

त्यानंतर दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती कुपोषणाची सूज. फीत हिरवी असली तरी असं मूल सॅमच. सुजेमुळे ते उलट गुटगुटीत दिसतं आणि म्हणूनच निसटतं.

भूक आहे का?

सॅम मुलाला शांत जागी, आईच्या हातून, शेंगदाण्याच्या उपचारी पेस्टचं पाकीट द्या. 92 ग्रॅमच्या पाकिटात 500 किलोकॅलरी असतात. 7 ते 10 किलोच्या मुलाने अर्ध्या तासात निदान एक तृतीयांश पाकीट खाल्लं, ताप, धाप वा सुस्ती नसेल आणि सूज फार नसेल, तर उपचार घरी, म्हणजे तंबूत, होऊ शकतो. दर किलो वजनामागे दिवसाला 150 ते 185 किलोकॅलरी. 7 किलोच्या मुलाला दोन ते अडीच पाकिटं. पेस्ट शिजवायची नाही, पाण्यात कालवायची नाही, पण सोबत स्वच्छ पाणी भरपूर हवं. सोबत अ‍ॅमॉक्सिसिलिन.

दोन आठवड्यांत वजन हललं नाही, तर पाकीट भावंडांत वाटलं जातंय असं समजा. आईला रागावून काही उपयोग नाही. सामूहिक स्वयंपाकघरातून मिळणारी असीदा, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि डाळ घरातल्या सगळ्यांना पुरत नसेल, तर ती एकाच मुलाला कशी भरवेल? कुटुंबाचं रेशन लावून द्या.

खात नसेल तर

हे मूल दवाखान्यात दाखल करा. चालत आलेलं गळून पडलेलं मूल शुद्धीवर असेल, तर आधी 10 टक्के साखरपाणी 50 मिली पाजा आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वर पांघरूण घाला. काखेतलं तापमान 35 अंशांखाली असणं धोक्याचं.

मग एफ-75, म्हणजे सुरुवातीला द्यायचं उपचारी दूध: किलोमागे दिवसाला 130 मिली, दर दोन तासांनी. 6 किलोच्या मुलाला एका वेळी 65 मिली. हे बघणाऱ्याला फार कमी वाटतं आणि कोणीतरी दयेपोटी जास्त पाजतं. उपासमारीने हृदय आणि मूत्रपिंडं मंदावलेली असतात. एकदम जास्त अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. लोहाच्या गोळ्याही या टप्प्यात नकोत. रात्रीचं दूध चुकवू नका. पहाटे साखर उतरून मुलं दगावतात.

घरी सोडणं

सलग दोन आठवडे दंडघेर 125 मिमी किंवा जास्त आणि सूज नाही, तेव्हाच नाव कमी करा. आईला फीत देऊन मोजायला शिकवा. एप्रिल 2025 मध्ये हल्ल्यानंतर झमझम रिकामी झाली, तशी पळापळ कधीही होऊ शकते. म्हणून शेवटचा आकडा, वजन आणि दिलेलं औषध लिहिलेलं कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून आईकडेच ठेवा, आणि गोळीबार जवळ आल्याची बातमी असेल तर एकाऐवजी दोन आठवड्यांची पाकिटं द्या.