वाय-फायवर कर्बेरॉसचं तिकीट मिळत नाही? या चुका टाळा

महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या अनेक ऑफिसांत लॅन केबल आता सर्व्हर रूमपुरतीच उरली आहे. बाकी सगळा कारभार वाय-फायवर. आत शिरताना डोमेनचा (ऑफिसच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेचा) पासवर्ड किंवा सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) लागतं आणि पुढे ईआरपी (कंपनीचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर), फाइल सर्व्हर यांच्यासाठी कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीचं तिकीट, म्हणजे ओळखीचा डिजिटल पुरावा, चालतं. पद्धत भक्कम आहे, कारण पासवर्ड नेटवर्कवरून फिरतच नाही, फिरतं ते ठरावीक मुदतीचं तिकीट. बहुतेक अडचणी आपल्या मांडणीतल्या असतात. तक्रार मात्र दरवेळी एकाच शब्दांत येते: "सर, वाय-फाय चालत नाहीये."

ही तक्रार जशीच्या तशी धरून ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) रिस्टार्ट करायला धावू नका. इथे दोन वेगळे टप्पे आहेत. आधी लॅपटॉप ८०२.१एक्स या पद्धतीने रेडियस सर्व्हरकडे (नेटवर्कमध्ये कुणाला घ्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हरकडे) ओळख पटवतो, तेव्हा त्याच्याकडे आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्तासुद्धा नसतो. आयपी मिळाल्यावरच तो डोमेन कंट्रोलरच्या (डोमेनची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) ८८ नंबरच्या पोर्टवर तिकीट मागू शकतो. म्हणून पहिला प्रश्न विचारा, आयपी मिळाला का? जोडणीच होत नसेल तर रेडियसचा लॉग (नोंदींची फाइल) उघडा. आयपी मिळालाय पण शेअर फोल्डर पासवर्ड मागतोय, तर कमांड प्रॉम्प्टवर केलिस्ट (klist) ही कमांड मारून तिकीट आहे का ते बघा. एवढ्याने निम्मी शोधाशोध वाचते.

घड्याळाकडे दुर्लक्ष

तिकिटावर वेळेचा शिक्का असतो आणि मशीन व सर्व्हर यांच्या वेळेत साधारणपणे ५ मिनिटांपर्यंतचाच फरक खपतो. काही क्लायंट सर्व्हरची वेळ बघून स्वतःच जुळवून घेतात. त्यामुळे घड्याळ चुकलेला एक लॅपटॉप चालतो, दुसरा अडतो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

सगळ्यात फसवा प्रकार टाइम झोनचा. नव्या लॅपटॉपमध्ये अमेरिकेचा पॅसिफिक झोन तसाच राहिलेला असतो. वेळ चुकीची दिसते म्हणून कुणीतरी हाताने काटे पुढे करून भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवतो. आता स्क्रीनवर सव्वादहा, भिंतीवरही सव्वादहा. पण कर्बेरॉस बघतो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आणि ती झोनच्या हिशेबाने साडेबारा किंवा साडेतेरा तासांनी चुकलेली. त्यामुळे वेळेआधी झोन तपासा. मदरबोर्डची बॅटरी संपलेल्या जुन्या मशीनचं दुखणं याहून मोठं: वीज गेली की ते काही वर्षं मागे जातं, रेडियसचं सर्टिफिकेट त्याला अजून लागूच न झालेलं वाटतं आणि ते वाय-फायलाच जोडलं जात नाही. मग वेळ दुरुस्त करायला नेटवर्कही मिळत नाही. अशा मशीनची बॅटरी बदला, रोज वेळ लावून देत बसू नका.

डोमेन कंट्रोलर व्हर्च्युअल मशीन (दुसऱ्या सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, चालणारं आभासी मशीन) असेल तर तो होस्टकडून वेळ घेतोय आणि होस्ट त्याच्याकडून, असं चक्र झालंय का तेही पाहा. वेळेचा स्रोत एकच ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तो एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) सर्व्हरशी जुळलेला असायलाच हवा.

फक्त युजरची ओळख पटवणं

नवा कर्मचारी पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडतो आणि डोमेन उपलब्ध नाही असा मेसेज येतो. त्याच मशीनवर जुन्या माणसाचं लॉगिन होतं, कारण त्याचा पासवर्ड मशीनने जपून ठेवलेला असतो. वाय-फाय लॉगिननंतरच जोडलं जात असेल, तर लॉगिनसाठी डोमेन कंट्रोलर दिसणार कसा? आयटीवाले पाच मिनिटं केबल लावून देतात, काम होतं आणि मूळ दोष तसाच राहतो. ग्रुप पॉलिसीत (डोमेनमधल्या सगळ्या मशीनना एकाच ठिकाणाहून लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) युजरसोबत कॉम्प्युटरचीही ओळख पटवण्याचा पर्याय निवडा. दोघांना वेगळे व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे भाग) असतील तर दोन्हींमधून डोमेन कंट्रोलर दिसला पाहिजे.

सर्टिफिकेटची तपासणी बंद करणं

"सर्टिफिकेटचा तो मेसेज येतो ना, टिक काढून टाक." हा सल्ला कुणालाही देऊ नका, अगदी घाईतही. ऐरोलीच्या एखाद्या आयटी पार्कमध्ये फोन उघडलात की शेजारपाजारच्या ऑफिसांची नेटवर्क दिसतात. तुमच्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं करायला फार खटपट लागत नाही, आणि तपासणी बंद असेल तर लॅपटॉप पासवर्डचा पुरावा तिकडेही सुखाने देऊन टाकतो. रूट सर्टिफिकेट (ज्याच्या आधारे बाकीची सर्टिफिकेट खरी ठरतात ते) ग्रुप पॉलिसीने सगळीकडे पोचवा आणि रेडियस सर्व्हरचं नाव प्रोफाइलमध्ये बांधून टाका.

सर्टिफिकेटवर चालणारं वाय-फाय २०२५ च्या सुरुवातीला अचानक बंद पडलं असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या मे २०२२ च्या सुरक्षा बदलाकडे बघा. फेब्रुवारी २०२५ पासून सर्टिफिकेट आणि खात्याची पक्की जोडणी नसली की डोमेन कंट्रोलर नकार देऊ लागला.

लॉक होणारं खातं

पासवर्ड बदलला की खातं दर तासाला लॉक होतं, आणि लॉगमध्ये दोषी म्हणून रेडियस सर्व्हरचंच नाव दिसतं. तो फक्त निरोप्या आहे. खरा प्रयत्न बहुधा खिशातल्या फोनचा, ज्याच्या वाय-फायमध्ये जुना पासवर्ड साठवलाय. रेडियसच्या लॉगमध्ये त्या फोनचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख क्रमांक) मिळेल.

किरकोळ वाटणाऱ्या पण वेळ खाणाऱ्या दोन गोष्टी. ईआरपीचा शॉर्टकट आयपी ॲड्रेसने बनवू नका, नावाने बनवा. आयपीने गेलात की विंडोज सहसा तिकीट सोडून एनटीएलएम या ओळख पटवण्याच्या जुन्या पद्धतीवर उतरतं. आणि एकच सर्व्हिस नाव (ज्या नावाने सर्व्हरवरच्या सेवेचं तिकीट मागितलं जातं ते) दोन खात्यांवर नोंदलं गेलं असेल तर कर्बेरॉसने ओळख पटत नाही किंवा विंडोज एनटीएलएमवर उतरतं.

विंडोज डोमेनमध्ये तिकिटाची मुदत सहसा १० तास असते. तुर्भ्याच्या गोदामात १२ तासांची पाळी असेल तर शेवटच्या दोन तासांतल्या तक्रारी इथूनच येतात का ते तपासा. युजरला नव्या ग्रुपमध्ये टाकलं तरी जुन्या तिकिटात तो ग्रुप नसतो, त्याला लॉगआउट करायला सांगा. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं बंद केलं तरी हातातलं सर्व्हिस तिकीट मुदतीपर्यंत चालतं आणि वाय-फायची चालू जोडणीही आपोआप तुटत नाही. खातं बंद करताना वाय-फायच्या कंट्रोलरवरून त्याचं सेशनही (चालू जोडणीही) लगेच तोडा.