पेंटबॉल गनवर स्कोप बसवताय? या चुका टाळा

पाचगणीला पहिल्यांदा पेंटबॉल खेळून आलं की साताऱ्या-सांगलीच्या पोरांना पुढचा नाद ठरलेला: स्वतःची गन घ्यायची आणि तिच्यावर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, चढवायचा. गन घेताना चार जणांना विचारतात, स्कोप मात्र फोटो बघून ऑनलाइन मागवतात. मग तो बसत नाही. बसला तर त्यातून दिसत नाही. आणि दिसलं तरी गोळी भलतीकडेच जाते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रायफलचा चारपट मोठं दाखवणारा स्कोप घेणं. अशा स्कोपमधून पूर्ण चित्र दिसायला डोळा काचेपासून साधारण आठ-नऊ सेंटिमीटरवर यावा लागतो. आपल्या तोंडावर मास्क असतो, आणि तो मैदानात काढायचा नाही म्हणजे नाही. त्याच्या जाडीमुळे डोळा मागेच राहतो, गालही गनला नीट टेकत नाही. स्कोपमध्ये बघावं तर काळ्या वर्तुळाच्या मधोमध रुपयाएवढं चित्र. दुकानात बिनमास्कचं बघून ‘एकदम क्लिअर’ म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते. बघायला जाताना मास्क आणि हॉपर (गोळ्यांचा डबा) लावलेली गन, दोन्ही बॅगेत घालून सोबत न्या.

शिवाय मोठं करून बघण्यासारखं अंतर तरी कुठे असतं? नेहमीची रंग भरलेली गोळी .६८ कॅलिबरची, म्हणजे जेमतेम १७ मिमी व्यासाची आणि साधारण तीन ग्रॅमची. २८० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटली तरी हवा तिला पटकन अडवते. तीस मीटरपर्यंत वेग जवळपास निम्म्यावर येतो आणि गोळी मीटरभर खाली उतरते. एकाच नळीतून, एकाच नेमाने मारलेल्या दहा गोळ्याही एका जागी लागत नाहीत. स्कोपने समोरच्याच्या शर्टाचं बटण दिसेल, पण तिथे गोळी लागेलच असं नाही. पंखवाल्या लांबट ‘फर्स्ट स्ट्राइक’ गोळ्या मारणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना स्कोपचा खरंच उपयोग होतो, पण त्या गोळ्यांचा खर्च बघून बहुतेकांचा उत्साह मावळतो.

माझं मत सरळ आहे: मोठं न करणारा साधा रेड डॉट घ्या, म्हणजे काचेत नेमाचा लाल ठिपका दाखवणारी साइट. त्यात डोळा मागेपुढे असला तरी चालतो, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. भर दुपारच्या उन्हात डॉट दिसतो का, हे दुकानाच्या बाहेर येऊन बघा. आत ट्यूबलाइटखाली सगळेच डॉट झगमगतात. डॉट गोल न दिसता फाटलेला, चांदणीसारखा दिसला तर लगेच माल परत करू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याच काचेत बघा. कॅमेऱ्यात गोल दिसला, तर बहुधा तुमच्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे.

बसवताना

रेलचं (गनवरच्या पट्टीचं) माप न घेता माउंट, म्हणजे साइट त्या पट्टीवर धरून ठेवणारा भाग, मागवणारे कमी नाहीत. पिकॅटिनी आणि वीव्हर रेल साधारण २१ मिमी रुंद, डव्हटेल ९.५ ते ११ मिमी. वीव्हरचं माउंट पिकॅटिनीवर बहुधा बसतं. उलटं केलं तर आडवा बोल्ट खाचेत जाईलच असं नाही.

हॉपर मधोमध असेल तर साइट उंच रायझरवर (उंची वाढवणाऱ्या ठोकळ्यावर) किंवा बाजूला सरकवून घ्यावी लागते. यातली मेख खेळताना कळते. बंकरच्या (लपायच्या आडोशाच्या) वरून डॉट मोकळा दिसतो, पण नळीचं तोंड आठ-दहा सेंटिमीटर खाली, बंकरच्याच आड असतं. ट्रिगर दाबला की गोळी आपल्याच बंकरच्या कडेवर फुटते आणि रंग आपल्याच मास्कवर येतो. त्यामुळे गरजेपेक्षा एक सूतही उंच बसवू नका.

‘डॉट हलतो’ अशी तक्रार असेल तर

साइटचे स्क्रू फिरवायच्या आधी गोळीचा वेग क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, बघा. गन सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड वायूवर) चालत असेल तर निम्मं उत्तर तिथेच सापडतं. सिलिंडरमधला दाब १० अंशांना सुमारे ४५ बार, तर ३० अंशांना ७२ बारच्या आसपास असतो. सांगलीच्या मे महिन्यातल्या दुपारी जुळवलेला डॉट डिसेंबरच्या सकाळी पाचगणीच्या पठारावर कसा जुळेल? थंडीत गोळ्या खाली पडतात. उन्हात वेग ३०० फुटांच्या वर गेला तर ती गन मैदानात न्यायचीच नाही, मग नेम कितीही अचूक असो. रेग्युलेटरवाल्या, म्हणजे दाब एकसारखा ठेवणाऱ्या, हवेच्या टाकीवर हा त्रास बराच कमी होतो.

मग गोळ्या तपासा. त्यांचं कवच जिलेटिनचं असतं, पावसाळी दमट हवेत फुगतं, मऊ पडतं. नळीत एखादी फुटली की मागच्या सगळ्या वाकड्या जातात आणि शिव्या खातो स्कोप. नळी पुसा, मग माउंटचे स्क्रू. ते सारखे ढिले होत असतील तर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू घट्ट धरणारा चिकट द्रव) थेंबभर लावा. लाल लावू नका, नंतर तापवल्याशिवाय स्क्रू सुटत नाही.

एवढं झाल्यावरच साइट जुळवायला बसा. गन वाळूच्या पिशवीवर टेकवून वीस मीटरवर दहा गोळ्या मारा आणि त्या पसाऱ्याचा मध्य धरा, चुकार गोळीमागे लागू नका. साइटच्या स्क्रूचा क्लिक एक एमओएचा (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) असेल तर वीस मीटरवर एका क्लिकला नेम साधारण ६ मिमी सरकतो. म्हणजे दहा सेंटिमीटरला सतरा क्लिक. बहुतेक साइटवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते सांगतो, डॉट कुठे जाईल ते नाही. उलटं फिरवून ‘पीस खराब आहे’ म्हणणारे बरेच भेटतात.

काचेवर उडालेला रंग साध्या पाण्याने निघतो, थिनर लावलात तर कोटिंग जाईल. काचेपुढे पॉलिकार्बोनेटची स्वस्तातली पट्टी लावा, कारण समोरून आलेली गोळी साइटची काच फोडू शकते. लेसरच्या फंदात मात्र पडू नका. उन्हात तो दिसत नाही आणि दुसऱ्याच्या डोळ्यात गेला तर भलतंच होऊन बसेल.